डोंगर राखायचा तर आधी गवताचा हिशेब : बालाघाटाच्या कडेच्या गावांसाठी

बार्शीहून येडशीकडे जाताना पांगरी मागे पडली की रस्ता बालाघाटाच्या रांगेत शिरतो आणि सोलापूरच्या उघड्या माळाची सवय असलेल्या डोळ्यांना धावडा, सालई, पळस अशी दाट झाडी दिसू लागते. हे येडशी रामलिंग घाट अभयारण्य. ते १९९७ साली घोषित झाले आणि त्याचा विस्तार जेमतेम २२ चौरस किलोमीटर आहे. कागदोपत्री ते धाराशिव जिल्ह्यात मोडते, परंतु जनावरे, सरपणाच्या मोळ्या आणि अभयारण्यातल्या रामलिंग मंदिराला श्रावणात येणारे भाविक जिल्ह्याची हद्द पाहून चालत नाहीत, त्यामुळे या डोंगराचे बरेवाईट बार्शी तालुक्यातल्या कडेच्या गावांशीही बांधलेले आहे. अशा संरक्षित डोंगरी वनाचे व्यवस्थापन वनविभाग आणि गावे यांनी मिळून कसे करावे, हे येथे क्रमाने मांडले आहे. या विषयावरचे बहुतेक मार्गदर्शन झाडांपासून सुरू होते. सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात मात्र माणूस आणि डोंगर यांना जोडणारा खरा धागा गवत हा आहे, आणि ज्या गावाला गवताची वाटणी भांडण न होता जमली, त्या गावाला पुढचे सगळे जमते, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमीन नेमकी कोणाची, हे आधी पाहा

एकाच डोंगरावर चार प्रकारच्या जमिनी असू शकतात : अभयारण्यातले वन, अभयारण्याबाहेरचे राखीव वन, गावाचे गायरान आणि मालकीची पडीक जमीन. वरून सगळे सारखेच दिसते, पण प्रत्येकावर काय करता येते आणि काय नाही, याचे नियम निराळे आहेत. म्हणून पहिली बैठक बोलावण्याआधी गावनकाशा, संबंधित गटांचे सातबारे, अभयारण्याच्या घोषणेची राजपत्रातील अधिसूचना आणि वनविभागाकडील व्यवस्थापन आराखडा मिळवावा. हे कागद सहज मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा साधा अर्ज पुरतो. त्यानंतर वनरक्षक, तलाठी आणि गावातली दोन-तीन जाणती माणसे यांनी मिळून हद्द पायी फिरून पाहावी, सीमेचे दगड कोठे आहेत आणि कोठे हरवले आहेत ते नकाशावर टिपावे. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु हद्दीचा वाद अर्धवट ठेवून बसलेल्या समित्या पहिल्याच उन्हाळ्यात मोडतात.

हद्दीकडे दुर्लक्ष केल्यावर काय होते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली घोषित झालेल्या अभयारण्यात सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र आले आणि त्यात गावे, शेते, बाजारपेठासुद्धा सापडल्या. जमिनीचे व्यवहार आणि बांधकामे अडकत गेली, लोकांच्या मनात पक्ष्याच्या नावाचीच अढी बसली, आणि २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माळढोक अभयारण्याचा सोलापूरजवळच्या नान्नजचा भाग माळरानाचा आहे, डोंगराचा नाही, तरीही कागदावर मोठी रेघ ओढून लोकांना नंतर विचारले तर काय होते, याचा हा आपल्याच जिल्ह्यातला धडा आहे.

कायद्याची कोणती वाट धरावी

गावाला डोंगराच्या कारभारात भाग घेण्यासाठी एकापेक्षा अधिक वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. केंद्र सरकारने १ जून १९९० रोजी संयुक्त वनव्यवस्थापनाची मार्गदर्शक सूचना काढली आणि महाराष्ट्राने १९९२ साली त्यासाठी शासननिर्णय केला. त्यातून गावोगावी संयुक्त वनव्यवस्थापन समित्या झाल्या, तर अभयारण्यांच्या भोवती ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या झाल्या. या समित्यांना सरकारी योजनांचा निधी मिळू शकतो. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यानांच्या लगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे, आणि तिच्यातून स्वयंपाकाचा गॅस, शेताचे कुंपण यांसारख्या कामांना साहाय्य मिळते. मात्र समिती म्हणजे अधिकार नव्हे. ती शासननिर्णयाने उभी राहते आणि शासननिर्णय बदलला की तिचे रूपही बदलते.

कायम टिकणारा अधिकार वनहक्क कायदा, २००६ याच्याखाली मिळतो. या कायद्याच्या कलम ३ (१) (झ) नुसार ग्रामसभा आपल्या परंपरागत वनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करू शकते, आणि हा कायदा अभयारण्यांनाही लागू आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली असा सामूहिक हक्क मिळाला, तेव्हापासून त्याचे नाव सगळीकडे घेतले जाते. परंतु आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. बार्शी, सांगोला, माळशिरस या भागांत वनावर अवलंबून असलेली बरीच कुटुंबे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत, आणि अशा 'इतर पारंपरिक वननिवासी' दावेदारांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या वनावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. पुरावा म्हणून जुने नकाशे, गॅझेटियर, चराईच्या पावत्या आणि वृद्धांचे लेखी जबाब चालतात, पण एकाच पुराव्यावर विसंबू नये, निदान दोन निरनिराळ्या प्रकारचे पुरावे जोडावेत. गावातली ऐंशी वर्षांपुढची माणसे असेपर्यंत त्यांचे जबाब नोंदवून घ्यावेत, कारण उशीर झाला तर हा पुरावा कोणतेही कार्यालय परत देऊ शकत नाही.

मेंढपाळांबद्दल आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट अशी की, याच कायद्याने भटक्या व पशुपालक समाजांचा हंगामी वापराचा हक्कही मान्य केला आहे. मेंढ्यांचे वाडे घेऊन येणारे धनगर बांधव ग्रामसभेचे मतदार नसतील, तरी त्यांना वगळून केलेला नियम कागदावरच राहतो. ज्यांच्या शेतात मेंढ्या बसवल्या जातात ते शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यातले जुने संबंध लक्षात घेऊन, डोंगराच्या बैठकीसाठी त्यांच्या म्होरक्याला निरोप धाडावा आणि बैठकीची तारीख त्यांच्या मुक्कामाच्या दिवसांत धरावी.

डोंगर कोण वापरते, हे मांडून दाखवणे

नियम करण्यापूर्वी वापराचे चित्र सर्वांच्या समोर उभे राहिले पाहिजे. त्यासाठी समाजमंदिराच्या फरशीवर रांगोळीने डोंगर काढावा, ओढे निळ्या रंगाने भरावेत, पायवाटांसाठी तुराट्या ठेवाव्यात आणि प्रत्येकाने आपण जेथे जातो तेथे ज्वारीचा दाणा, खडा किंवा पान ठेवावे. पुरुषांची आणि बायकांची बैठक एकदा वेगवेगळी घ्यावी. पुरुष बहुधा गुरे चारण्याची जागा दाखवतात, तर सरपणाच्या वाटा, कोरड्या ओढ्यातला झिरा आणि सीताफळाची झाडे बायकांच्याच नकाशावर उमटतात. ज्या वाटेने एखादी आजी रोज मोळी आणते, ती वाट पुरुषांच्या नकाशात नसेल, तर चराईबंदी लागू झाल्यावर सर्वांत आधी अडचण तिची होणार, हे तेथेच कळते.

याच बैठकीत प्रत्येक घराकडून तीन आकडे घ्यावेत : जनावरे किती, वर्षातले किती महिने डोंगरावर अवलंबून, आणि घरचा कडबा किती महिने पुरतो. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या वर्षी रब्बीची ज्वारी बुडते आणि कडब्याचा भाव चढतो, त्या वर्षी डोंगरावरचा भार कोणत्याही फलकाने थांबत नाही. म्हणून दुष्काळी वर्षासाठीचा नियम चांगल्या वर्षीच ठरवून ठेवावा, म्हणजे त्या वर्षी डोंगराचा कोणता बंद भाग उघडायचा, किती दिवस, आणि चारा छावणीची मागणी तहसीलदारांकडे कोणत्या महिन्यात करायची, हे आधीच लिहिलेले असते.

गवताची वाटणी

आपल्या डोंगरी गवतांत पवन्या, शेडा आणि मारवेल ही जनावरांच्या आवडीची गवते, तर कुसळी ही कोवळी असतानाच खाल्ली जाणारी आणि पुढे कुसळे टोचणारी. चराई सतत आणि सगळीकडे झाली की आवडीची गवते बी धरण्याआधीच संपतात आणि कुसळी पसरत जाते. म्हणजे डोंगर हिरवा दिसतो, पण जनावरांच्या पोटात काही जात नाही. उलट सगळ्या डोंगरावर कायमची बंदी घातली तर वाळलेल्या गवताचा थर साचतो आणि फेब्रुवारीनंतर एक ठिणगी पुरते. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे कप्प्यांची फेरपालट.

अभयारण्याबाहेरच्या राखीव वनात आणि गायरानात ती अशी बसवता येते. उपलब्ध क्षेत्राचे ओढे आणि कडे यांच्या नैसर्गिक सीमांनी तीन कप्पे पाडावेत. एक कप्पा वर्षभर पूर्ण बंद ठेवावा, दुसऱ्यात फक्त कापणी करावी आणि तिसऱ्यात ठरलेल्या संख्येची जनावरे ठरलेल्या महिन्यांत चारावीत. पुढच्या वर्षी कप्पे फिरवावेत. कापणीच्या वेळेबाबत घाई करू नये. गवत फुलोऱ्यात असताना त्यात पोषण जास्त असते, पण तेव्हाच सगळे कापले तर बी जमिनीवर पडत नाही. बी गळल्यावर कापले तर पोषण कमी होते, मात्र पुढच्या वर्षीची सोय होते. म्हणून कापणीच्या कप्प्यातही पट्टे पाडून निम्मे गवत फुलोऱ्यात आणि निम्मे बी गळल्यावर, साधारण दिवाळीनंतर, कापावे आणि पुढच्या खेपेला पट्ट्यांची अदलाबदल करावी.

वाटप लिलावाने करावे की घरटी करावे, यावर प्रत्येक गावात वाद होतो. लिलावाने समितीच्या खात्यात चटकन पैसा येतो, परंतु गवत एका-दोघा दूधवाल्यांकडे जाते आणि ज्याची एकच शेळी आहे तो राखणीतून मनाने बाहेर पडतो. माझा कल 'घरटी एक विळा' या पद्धतीकडे आहे. कापणीच्या दिवसांत प्रत्येक घरातून एकच माणूस विळा घेऊन येईल, एका दिवशी डोक्यावर मावेल तेवढा एकच भारा नेईल, आणि भाऱ्यामागे ठरलेली नाममात्र रक्कम समितीला देईल. भूमिहीन आणि विधवांच्या घरांना ही रक्कमही माफ असावी. एका विळ्याची हद्द शरीराच्या ताकदीने ठरते, त्यामुळे लबाडीला वाव कमी राहतो, आणि कोण किती घेऊन गेले हे सगळ्या गावाला दिसते.

अभयारण्याच्या आत मात्र हे असेच करता येत नाही, आणि येथेच चांगल्या हेतूच्या समित्याही अडचणीत येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ खाली अभयारण्यातून वनोपज काढण्यावर कडक निर्बंध आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतून वाळलेली, पडलेली झाडे आणि गवतसुद्धा काढण्यास मनाई केली. चराईचे नियमन किंवा बंदी करण्याचा अधिकार कलम ३३ ने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे दिला आहे. त्यामुळे स्थानिक वनपालाने तोंडी 'घेऊन जा' म्हटले तरी ते परवानगी नव्हे. आतल्या वापरासाठी एकतर वनहक्क कायद्याखाली मान्य झालेला हक्क हवा, नाहीतर सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा. हे लक्षात घेऊन गायरानावरची उत्पादकता वाढवणे हाच आतला भार कमी करण्याचा सरळ मार्ग ठरतो. आणि अभयारण्यात जाणाऱ्या गुरांचे लसीकरण टाळू नये. पाळीव जनावरांचे रोग काळविटांना व चिंकारांना लागू नयेत म्हणून अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतल्या जनावरांच्या लसीकरणाची तरतूद कायद्यातच केलेली आहे.

गवत सुधारते आहे की नाही, हे पाहण्यासाठी महागडे काही लागत नाही. एक मीटर लांबीच्या चार काठ्या बांधून चौकट करावी, प्रत्येक कप्प्यात ठरलेल्या दहा जागी खुंट्या रोवून ठेवाव्यात आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या त्याच आठवड्यात प्रत्येक खुंटीशी चौकट टाकून पवन्या-मारवेलचे ठोंब किती, कुसळीचे किती आणि उघडी जमीन किती, हे शाळेतल्या मुलांकडून मोजून घ्यावे. तीन वर्षांची वही समोर ठेवली की वाद बराच शांत होतो, कारण मग 'पूर्वी फार गवत होते' या वाक्याला दोन्ही बाजूंनी आकडा द्यावा लागतो.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. उघडे डोंगरमाथे दिसले की जेसीबी लावून चर खणायचे आणि गिरिपुष्पाची रोपे लावायची, ही सवय आपल्याकडे वाढली आहे. पातळ मुरमाड थरावरचे गवताळ पठार हे मोकळे पडलेले रान नव्हे, लांडगा, खोकड, चिंकारा यांचे ते घर आहे. झाडे लावायची तर ओढ्याकाठी आणि खोल मातीत लावावीत, आणि उतारावर पाणी अडवायचे तर हाताने रचलेले अनगड दगडी बांध घालावेत. गवताच्या माथ्यावर यंत्र नेऊ नये.

आग

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. आपल्या भागात आग डोंगरात आपोआप लागत नाही. ती बांध पेटवताना, उसाचे पाचट जाळताना, मध काढताना किंवा 'जाळले की गवत चांगले फुटते' या समजुतीतून लागते. म्हणून पहिला उपाय डोंगरावर नाही, शेतात आहे. डोंगरालगतच्या शेतकऱ्यांनी बांध पेटवण्याचा दिवस समितीला आदल्या दिवशी कळवावा, वारा पडल्यावर संध्याकाळी पेटवावे आणि विझेपर्यंत दोन माणसे जागेवर थांबावीत, असा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा.

जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, वनविभाग काढतो, पण ती कोठून गेली पाहिजे हे गावाला जास्त कळते. पायवाटा आणि ओढ्याची पात्रे जोडून घेतली तर श्रम वाचतात. जाळरेषेवरचा पालापाचोळा हंगाम सुरू होण्याआधीच साफ झालेला असावा. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या आधारे आगीचे इशारे मोबाइलवर पाठवते. त्या यादीत समितीच्या दोन सदस्यांचे क्रमांक नोंदवून घ्यावेत, तसेच वनविभागाचा १९२६ हा क्रमांक सर्वांच्या तोंडपाठ असावा. विझवायला जाताना सुती कपडे, पायात बूट आणि हातात पळसाच्या ओल्या डहाळ्या असाव्यात. आग नेहमी कडेने आणि मागून मारत यावे. चढावर आग झपाट्याने वर सरकते, कारण ज्वाळा वरचे गवत आधीच तापवतात, म्हणून पेटलेल्या उताराच्या वरच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. आगीला आग लावून अडवण्याची युक्ती वन कर्मचारी उपस्थित असल्याशिवाय करू नये.

वाघ, लांडगा आणि पंचनामा

२०२४ च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ येडशीच्या जंगलात कॅमेऱ्यात दिसला आणि पुढे बार्शी तालुक्यातही जनावरे मारली गेली, तेव्हा येथील गावांपुढे अगदी नवा प्रश्न उभा राहिला. लांडग्याची सवय मेंढपाळांना पिढ्यान्पिढ्या आहे, वाघाची नाही. जनावर मारले गेले तर मृत जनावर जागेवरून हलवू नये, ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवावे, फोटो काढावेत आणि पंचनाम्याच्या वेळी पशुवैद्यकीय अधिकारी येतील हे पाहावे. भरपाई बाजारभावाच्या टक्केवारीने आणि ठरलेल्या कमाल मर्यादेत मिळते. त्यासाठी जनावराचा कानातला बिल्ला आणि बँक खाते दोन्ही नीट असले पाहिजेत. समितीने एक माणूस फक्त या अर्जांसाठी नेमावा. ज्याची गाय गेली त्याला भरपाई लवकर मिळाली, तर मेलेल्या जनावरावर विष टाकण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही, आणि एका विषारी सापळ्यात वाघाबरोबर तरस, कोल्हे आणि गिधाडेही मरतात. कठडा नसलेल्या विहिरींचा प्रश्न यापेक्षा साधा आहे. त्या बांधून घ्याव्यात.

श्रावणात रामलिंगाला होणाऱ्या गर्दीबद्दल थोडक्यात : मंदिराची व्यवस्था पाहणाऱ्यांना समितीच्या बैठकीत कायमची जागा द्यावी, वाहने घाटाखाली थांबवावीत, माकडांना खाऊ घालू नये याची सूचना पुजाऱ्यांच्या तोंडून द्यावी, कारण फलकापेक्षा ती जास्त ऐकली जाते, आणि कचरा उचलण्याचा मोबदला कडेच्या गावातल्या बचत गटाला मिळावा.

वही, पैसे आणि बदल्या

समितीचा सदस्य सचिव बहुधा वनपाल किंवा वनरक्षक असतो आणि खाते अध्यक्ष व सचिव यांच्या संयुक्त सहीने चालते. दर तिमाहीला जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. दंडाची रक्कम कमी ठेवावी, पण सरपंचाच्या भावालाही ती सारखीच लागू व्हावी. पहिल्या वर्षी दंडाची पहिली पावती कोणाच्या नावाने फाटते, यावर पुढच्या दहा वर्षांची पत ठरते. शिकार, लाकूडतोड, विद्युत प्रवाह सोडलेल्या तारा अशा गुन्ह्यांत गावाने आपसात दंड घेऊन प्रकरण मिटवू नये. ते वनविभागाकडेच गेले पाहिजे.

शेवटची काळजी बदल्यांची. ज्या वनपालाबरोबर सर्व काही जुळले असते, तो दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जातो आणि त्याच्याबरोबर तोंडी झालेले सगळे ठराव जातात. म्हणून कप्प्यांचा नकाशा, विळ्यांची यादी, चौकटीची वही आणि इतिवृत्त यांच्या दोन प्रती असाव्यात, एक परिक्षेत्र कार्यालयात व दुसरी ग्रामपंचायतीच्या कपाटात. नवा कर्मचारी रुजू झाला की त्याला पहिल्या महिन्यातच हद्दीवरून पायी फिरवावे, तिन्ही कप्पे दाखवावेत, आणि परत आल्यावर जुन्या ठरावांखाली त्याची 'वाचले' अशी सही तारखेसह घ्यावी.